नुकसान 'निरंक' नाही : पुणे जिल्ह्यातल्या महसूल व भूमी अभिलेख अधिकाऱ्यांना खुले पत्र

महोदय, महोदया,
सप्रेम नमस्कार.

जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका गावात माझ्या नावावर सात एकर माळ आहे. गेल्या उन्हाळ्यात त्या माळाच्या मधोमध जेसीबी लावून वीस फुटी रस्ता काढला गेला. कडेचा मुरूम हायवा डंपरमध्ये भरून नेला. हद्दीचे दगड उपटून ओढ्यात ढकलले. तक्रार दिल्यावर पंचनामा झाला आणि त्यात लिहिले गेले की जमीन कायम पड, पीक नाही, फळझाड नाही, सबब नुकसान निरंक. हा शेरा मला मान्य नाही. तशी लेखी हरकत मी नोंदवली आहे आणि गरज पडली तर अपिलातही जाईन. पण पुरंदर, दौंड, बारामती, इंदापूर, शिरूर या पट्ट्यात खासगी माळ राखून असलेली माणसे आणखीही आहेत. रस्ता, मुरूम आणि 'निरंक' हा क्रम त्यांच्याही वाट्याला येतो आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला आहे आणि सगळ्यांनी वाचावे असेही आहे.

ही जमीन आजोबांकडून वडिलांकडे आणि वारसाने माझ्याकडे आली. विहिरीखालची जमीन भावाकडे गेली, माळ मी मागून घेतला. मी पुण्यात राहते, नोकरी इथेच केली, त्यामुळे गावात काहींचा समज असा की बाईने माळ घेतला तो पुढे विकण्यासाठी. मला तो विकायचा नाही. त्यावर ऊस करायचा नाही, फार्महाउस बांधायचे नाही. वडिलांनी तो जसा राखला तसाच राखायचा आहे.

राखणे हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण त्यात काम आहे. मृग बरसला की माळावर जनावर सोडायचे नाही. गवत फुलोऱ्यात येऊन बी झडेपर्यंत चराई बंद. दिवाळीच्या पुढे-मागे कापणी, पेंढ्या बांधणे, गंजी रचणे. त्यानंतर धनगरांच्या मेंढ्यांना वाट मोकळी. उरलेले खुंट मेंढ्या खातात, रात्री खालच्या रानात बसतात, रानाला खत मिळते. 1972 च्या दुष्काळात आमच्या दावणीचे बैल या माळाच्या गवतावर जगले, हे मी घरात लहानपणापासून ऐकत आले. वडिलांच्या काळात पीकपाहणीला या गटापुढे 'गवतपड', म्हणजे गवतासाठी राखलेली जमीन, असे लिहिले जाई. नंतर कधीतरी ते 'कायम पड' झाले. आम्हाला कोणी विचारले नाही. तेव्हा त्याने फरक पडला नाही. आज त्याच दोन शब्दांच्या आधारावर माझे नुकसान शून्य ठरले आहे.

पश्चिमेला लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात आमच्याकडे जेमतेम पाचशे. पर्जन्यछायेचा हा भाग. माती वीतभर, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. या वीतभर मातीला धरून राहण्याचे काम पवन्या, मारवेल, कुसळी ही गवते करतात. त्यांची मुळे वर्षानुवर्षे तिथेच असतात, वरचे पाते फक्त दरवर्षी नवे येते. मध्ये मध्ये हिवर, बोर, तरवड, नेपती. वळवाचा पाऊस धो धो आला तरी या गवतातून पाणी धावत नाही, मुरते आणि खालच्या विहिरींना लागते. जेसीबीच्या बकेटने ही माती एकदा खरवडली की पुढच्या पावसात मारवेल उगवत नाही. उगवतो तो गाजरगवताचा थर. पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी मला 'पाऊस पडला की येईल परत' असे समजावले. तसे होत नाही. आमच्याच शिवेवर वीसेक वर्षांपूर्वी मुरूम काढलेला एक पट्टा आहे, तिथे अजून मूळचे गवत नाही. तो कधीही येऊन पाहावा.

आणि माळ रिकामा नाही. चिंकारा, खोकड, तरस आणि लांडगा या चारही प्राण्यांचा इथे वावर आहे. हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणारे भोवत्ये हे शिकारी पक्षी रात्रीच्या मुक्कामाला गवतात उतरतात. धाविक आणि माळटिटवी हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, झाडावर नाही, हे रस्ता आखणाऱ्याला माहीत असण्याचे कारण नाही, पण परवानगी देणाऱ्याला असायला हवे. लांडगा आणि चिंकारा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. चिंकाऱ्यांसाठी सुप्याला मयुरेश्वर अभयारण्य 1997 साली झाले, त्याचे क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर. लांडग्याचा एक कळप त्याच्या कितीतरी पट मुलूख फिरतो. म्हणजे हा प्राणी जगतो तो अभयारण्याबाहेर, गायरानात, वनखात्याच्या तुकड्यांत आणि माझ्यासारख्यांच्या सातबाऱ्यावर. वन विभागाने इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला आणि बारामती तालुक्यात शिर्सुफळला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली, हे चांगले झाले. लोक पैसे देऊन माळ पाहायला जातात. त्याच प्रकारच्या जमिनीवर यंत्र चालले तर शासनाच्या दुसऱ्या खात्याच्या कागदावर काहीच घडलेले नसते. या दोन गोष्टी एकाच जिल्ह्यात एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत.

आता तक्रारी.

पहिली मोजणीची, कारण बाकी सगळे तिच्यापासून सुरू होते. हद्दी कायम करण्यासाठी रीतसर अर्ज केला, फी भरली, लगतधारकांना नोटिसा गेल्या. भूकरमापक यंत्र घेऊन आले. एका बांधकऱ्याने हरकत घेतली, आवाज चढवला, दोन-चार माणसे गोळा केली आणि पथक मोजणी न करता परतले. नवी तारीख मिळाली, पुन्हा तेच. हरकत घेण्याचा त्यांना हक्क आहे. मोजणी पटली नाही तर निमताना, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी, मागता येते. पण मोजणी होऊच द्यायची नाही हा हक्क कोणत्या नियमात आहे? आता रोव्हर यंत्रावर उपग्रहाच्या साहाय्याने हद्द काही तासांत निघते. अडचण यंत्राची राहिलेली नाही. आरडाओरडा केला की सरकारी पथक माघारी जाते, हे एकदा गावाला कळले की बांध दर नांगरटीला थोडा थोडा सरकतो. माझा उत्तरेकडचा बांध असाच कोरला गेला आहे. जिथे घायपाताची रांग होती तिथे आज तूर उभी आहे.

जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 138 मध्ये हद्द निश्चित झाल्यावर चुकीचा ताबा संक्षिप्त रीतीने काढण्याचा अधिकार आहे. कलम 145 मध्ये हद्दीच्या खुणा नष्ट करणाऱ्याला दंड आहे. माझे दगड ओढ्यात पडलेले पंचांनी पाहिले, तरी पंचनाम्यात 'खुणा आढळून आल्या नाहीत' एवढेच आहे. खुणा होत्या, कोणीतरी काढल्या, आणि त्या कुठे पडल्या आहेत हेही दिसत होते. हे वाक्य लिहायला काय अडचण होती?

दुसरी, रस्त्याची. शेतकऱ्याला शेतात जायला वाट हवी, यावर माझे दुमत नाही. आमच्या बांधावरून बैलगाडी आधीपासून जाते आणि पुढेही जाईल. कलम 143 नुसार तहसीलदार रस्ता देऊ शकतात, पण तो बांधावरून, चौकशी करून, लगतच्या शेतकऱ्याची खरी गरज पाहून. माझ्या माळातला रस्ता बांध सोडून मधोमध गेला आहे आणि तो कोणाच्याही शेतात पोचत नाही. तो पलीकडे पांढऱ्या फक्कीने आखलेल्या प्लॉटांपर्यंत जातो. आता तोंडी सांगितले जाते की हा जुनाच रस्ता आहे, मी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली माझ्यावरच दावा लावू. 2025 मध्ये शासनाने शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घेण्याचे ठरवले. शेतकऱ्यांसाठी तो चांगला निर्णय आहे. पण त्याच दाराने प्लॉटिंगचा रस्ता शेतरस्ता म्हणून माझ्या उताऱ्यावर चढला, तर तो पुन्हा उतरवण्यात माझे उरलेले आयुष्य जाईल. गावनकाशात तिथे रस्त्याची रेघ नाही. तेवढे एक पाहिले तरी निकाल लागतो.

तिसरी, मुरमाची. मुरमासारखे गौण खनिज विनापरवाना काढले तर जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड करता येतो, 48(8) खाली यंत्रे आणि वाहने जप्त करता येतात. खड्डा मोजून किती ब्रास गेला हे काढता येते. तो मोजला गेला नाही. उलट मला विचारणा झाली की जमीनमालक या नात्याने तुमची संमती होती का, नसेल तर वेळीच का थांबवले नाही. काम रात्री झाले. मी पुण्यात होते. गवत कापायला येणाऱ्या मावशींनी सकाळी फोन केला म्हणून कळले. परगावी राहणाऱ्या मालकाने रात्रभर माळावर पहारा द्यावा, ही अपेक्षा कायद्यात नाही.

चौथी, प्लॉटिंगची. इथे माझा रोख शेजाऱ्यांपेक्षा पुण्यातून येणाऱ्या पैशावर आहे. तुकडेबंदीचा कायदा 1947 चा आहे. जिरायती शेतजमिनीचे प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ती मर्यादा, 20 गुंठे आहे. तरी दोन-दोन, पाच-पाच गुंठे विकले जातात. दहा-बारा अनोळखी माणसांच्या नावे एक सामाईक खरेदीखत करायचे आणि जागेवर दोरी लावून वाटणी द्यायची, ही पद्धत लपलेली नाही. 2025 मध्ये जुने व्यवहार नियमित करण्याच्या घोषणा झाल्यापासून एजंट तर उघड सांगतात की आज घ्या, उद्या सगळे नावावर होईल. पाचशे चौरस मीटरपेक्षा जास्त जागेवर प्लॉट पाडून विक्री करायची तर महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणी लागते आणि जाहिरातीत नोंदणी क्रमांक द्यावा लागतो. माझ्या माळाकडे तोंड करून उभ्या असलेल्या फलकावर तो क्रमांक नाही. फलकावर हिरवेगार गवत आणि सूर्यास्त आहे. तो फोटो माझ्या जमिनीचा आहे.

कोथरूड, हडपसर, पिंपरीतून असे प्लॉट घेणाऱ्यांना याच पत्रात एक विनंती करते. तुम्ही फसवणूक करायला निघालेले नाही, निवृत्तीची पुंजी घालता आहात हे मला समजते. विकणाऱ्याला आधी विचारा की पोचरस्ता कोणाच्या गटातून जातो आणि त्या मालकाची नोंदणीकृत संमती कुठे आहे. गावनकाशा मागा. मोजणीची 'क' प्रत, म्हणजे मोजणी नकाशाची अधिकृत प्रत, मागा. कागद दाखवता येत नसतील तर तुम्ही घेतलेला रस्ता दुसऱ्याच्या रानातला आहे.

बाकी तक्रारी थोडक्यात. जवळच्या पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या माळावर टाकल्या जातात, त्यावर मोकाट कुत्र्यांचे कळप वाढले. कुत्र्यांचे रोग लांडग्यांना जातात, आणि पुण्याजवळच्या माळांवर लांडगा-कुत्रा संकर झाल्याचे 2023 साली जनुकीय तपासणीत सिद्धही झाले आहे. शनिवार-रविवारी चारचाकी आणि मोटारसायकली गवतात घालून शर्यती होतात. फाल्गुनात कोणीतरी काडी लावते. आणि पावसाळा आला की वृक्षारोपणासाठी खड्डे घेणारी उत्साही मंडळी परवानगी न विचारता येतात, गिरिपुष्प लावतात आणि फोटो काढून जातात. त्यांचा हेतू वाईट नाही. पण माळाला झाडांची उणीव नाही, तो माळच आहे.

या प्रत्येक तक्रारीवर मला एकच सल्ला मिळाला, तारेचे कुंपण घाला. कार्यालयात, पोलीस ठाण्यात, गावात, सगळीकडे हाच. त्यावर थोडे सविस्तर बोलते, कारण सल्ला देणाऱ्यांना वाटते की मी हट्टाने ऐकत नाही.

सात एकराला चारी बाजूंनी जाळी मारली तर चिंकाऱ्याची ये-जा थांबते. कुत्री मागे लागली की तो धावत येऊन तारेत अडकतो. लांडग्याची वाट बदलते, मग तो वस्तीच्या जवळून जातो आणि त्याचा फटका धनगराच्या मेंढरांना आणि धनगराला सोसावा लागतो. मेंढ्यांची वाट तर बंदच होते. ज्या कुटुंबांच्या मेंढ्या वडिलांच्या आधीपासून इथून जातात, त्यांना मी कुंपणाबाहेर काढायचे, आणि ते कशासाठी, तर रात्री मुरूम चोरणाऱ्याला सरकार अडवत नाही म्हणून. धनगर येतात तेव्हा विचारून येतात, गवताचे बी झडले का ते पाहून येतात. त्यांच्यात आणि घुसखोरात फरक आहे, तो तारेला कळत नाही, माणसाला कळतो.

शिवाय मालकी कुंपणाने सिद्ध होत नाही. ती सातबाऱ्याने, फेरफाराने आणि मोजणीच्या नकाशाने होते, आणि हे तिन्ही कागद देणारे खाते तुमचेच आहे. उघडी जमीन म्हणजे मोकळी जमीन असे चालले, तर या जिल्ह्यात गवत राखणारा एकही खातेदार उरणार नाही. सगळे जाळ्या मारतील, नाहीतर विकून मोकळे होतील.

आणखी एक गैरसमज. काही जण म्हणाले, एवढे प्रेम आहे तर जमीन वनखात्याला देऊन टाका. मी देणार नाही. राजस्थानच्या वाळवंटी भागात लोकांनी पिढ्यानपिढ्या राखलेल्या ओरणांचा, म्हणजे तिथल्या देवरायांचा, जमिनीवर आणि उपग्रहाने नकाशा तयार करा, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये तिथल्या सरकारला सांगितले. त्या सामाईक जमिनी आहेत, माझी खासगी आहे, दोन्हींचे प्रश्न वेगळे. पण दोन्हीकडे राखणारा माणूस तिथलाच आहे. माझा माळ माझ्या नावावर राहावा, धनगरांची वाट चालू राहावी, आणि माझ्यानंतर माझ्या भाचीने तो असाच सांभाळावा, अशी माझी इच्छा आहे. त्यासाठी मला अनुदान नको. कायद्यात आधीच लिहिलेले संरक्षण हवे आहे.

तेव्हा माझ्या मागण्या स्पष्ट लिहिते.

पोलीस बंदोबस्तात मोजणीची पक्की तारीख द्या आणि त्या दिवशी मोजणी पूर्ण करा. हरकती लेखी घ्या, त्यांचा निकाल नंतर नियमाने लावा. हद्द निघाल्यावर खुणा रोवून द्या आणि कोरलेला बांध कलम 138 खाली मोकळा करा.

जुना पंचनामा रद्द करून नवा करा. त्यात रस्त्याची लांबी-रुंदी, खड्ड्याचे माप, खरवडलेली माती, उखडलेल्या खुणा आणि गेलेल्या गवताची किंमत लिहा. वाळलेल्या गवताच्या पेंढीला बाजारात भाव आहे. पीक नाही म्हणून किंमत नाही, हे या दुष्काळी भागातला कोणताही दूधवाला मान्य करणार नाही.

मुरूम नेणाऱ्यांवर कलम 48 खाली कारवाई करा आणि घुसखोरीबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 खाली मी दिलेली तक्रार महसुली वाद म्हणून परत पाठवली जाऊ नये, यासाठी पोलिसांना तुमचा अहवाल द्या.

माझ्या गटातून गेलेल्या रस्त्याची कोणतीही नोंद मला नोटीस दिल्याशिवाय आणि गावनकाशा पाहिल्याशिवाय घेऊ नका.

माझ्या गटापुढे 'गवतपड' ही नोंद पूर्ववत करा. ज्या खातेदारांनी गवत राखले आहे आणि तसे लिहून द्यायची तयारी दाखवली आहे, त्या सगळ्यांसाठी जिल्हाभर हीच पद्धत ठेवा. पंचनामा करणाऱ्यांना तसे लेखी कळवा, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या कोणाच्या कागदावर 'निरंक' येणार नाही.

दस्त नोंदवताना सामाईक खरेदीखताच्या आडून तुकडे पडत आहेत का, हे तपासा. महारेरा क्रमांक नसलेल्या फलकांबद्दल संबंधितांना कळवा.

बांधकऱ्यांशी माझे वैर नाही. त्यांच्यातल्या दोघांची मुले माझ्या भावाबरोबर शाळेत होती, लग्नकार्यात आम्ही एकमेकांकडे जेवतो. हद्द निघाली की जिथे माझा दगड पडेल त्याच्या पलीकडची एक मूठ मातीही मी मागणार नाही, हे मी ग्रामसभेत सर्वांसमोर सांगितले आहे आणि इथे पुन्हा लिहून देते.

पावसाळ्यापूर्वी मोजणी व्हावी. पाऊस सुरू झाला की रस्त्याच्या चाकोरीतून पाणी वाहू लागेल आणि राहिलेली मातीही जाईल. हे पत्र अर्जाला जोडून कार्यालयात दिले आहे आणि आवक शिक्का घेतला आहे. उत्तर लेखी द्यावे.

आपली,
पुणे जिल्ह्यातली एक खातेदार